चुनखडीचं सगळं सांगितलंत, मनूचं राहिलं

अहो, तुमच्या बेसण्याला, म्हणजे आपल्या सुरतेतल्या शोकसभेला, डिंडोलीतली निम्मी सोसायटी आणि कामरेज हायवेवरचे झाडून सगळे दगडवाले आले होते. फोटोपुढे हात जोडायचे, मग माझ्यापुढे जोडायचे, आणि मग पंख्याखालची जागा धरून तुमची स्तुती करत बसायचे. तुमचे एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, "भाभी, शांतारामभाई जेवा वातोडिया माणस में नथी जोया." वातोडिया म्हणजे गप्पिष्ट, असा दुसरा पाहिला नाही. म्हणे लादी बघायला गेलं की चहा यायचा आणि चहाबरोबर दगडाची गोष्ट यायची, उठावंसंच वाटायचं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडतेय.

गप्पिष्ट! तुम्ही! ज्या माणसानं घरात 'हं' आणि 'बघू' एवढ्या दोन शब्दांत अख्खा संसार उरकला, तो बाहेर गप्पिष्ट म्हणून गेला. मला हसू आवरत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर संतापही आवरत नव्हता.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. अशा वेळी बायकोनं चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं बोलायला सगळं मार्केट बसलंय, मी माझं बोलते. तुम्हाला मधेच 'बघू' म्हणून उठता येणार नाही, तेवढा तरी फायदा झालाय.

तुमची ती गोष्ट मला पाठ आहे. दुपारचा डबा घेऊन तुमच्या लाद्यांच्या वखारीत आले की पत्र्याच्या शेडमागे उभी राहून कितीदा ऐकलीय. गुजराती गिऱ्हाईक असलं तर गुजरातीत, मारवाडी असलं तर हिंदीत, आणि आपल्या खानदेशातलं कुणी घर बांधत असलं तर विचारूच नका. कोट्याच्या लादीवर हात फिरवत सुरू व्हायचात. "हा दगड नाही ताई, हा समुद्राचा तळ आहे. आज जिथे राजस्थान आहे तिथे पाणी होतं. त्या पाण्यात चुन्याचा बारीक गाळ बसत गेला, थरावर थर, थरावर थर. शिंपले जन्माला यायच्याही आधी." मग पोरबंदरी दगडाचा तुकडा काढायचात, नखानं त्यातले कण खरवडायचात. "हा त्या मानानं कालचा. शिंपल्यांचा चुरा वाऱ्यानं किनाऱ्यावर आणून टाकला, तो घट्ट झाला, झाला दगड. करवतीनं कापता येतो." मग गाडी चुन्यावर. हाच दगड भट्टीत भाजला की चुना, त्यावर पाणी टाकलं की कसा उकळतो, भिंतीला लावला की हवा पिऊन पुन्हा कसा दगड होतो. साखर कारखान्यात उसाचा रस त्यानंच निवळतो, बमरोलीच्या मिलांचं रंगीत पाणी त्यानंच साफ करतात, सिमेंट त्याचंच, आणि तुमच्या तळहातावरच्या तंबाखूलाही तोच लागतो. माणसं तोंड उघडं टाकून ऐकायची.

आणि शेवटी तो तुमचा हुकमी खेळ. खिशातली छोटी बाटली काढून कोट्याच्या तुकड्यावर ॲसिडचा एक थेंब. फस्स करून फेस यायचा. शेजारच्या ग्रॅनाइटवर दुसरा थेंब, तो तसाच बसलेला. "बघा, चुनखडी लगेच बोलते. ग्रॅनाइट तोंड उघडत नाही." बरोबर पोरंबाळं असली तर टाळ्या वाजवायची. डबा घेऊन उभी असलेली मी मनात म्हणायचे, अरे, या माणसावर एक थेंब टाकून बघा कुणीतरी.

घरात काय होतं? घरात वखारीतले उरलेसुरले तुकडे होते. जमिनीला चार छटांचा कोटा, कारण चार वेगवेगळ्या ट्रकांतून उरलेला. ओट्याला कोपरा तुटलेला कडप्पा. सगळ्या सुरतेला ग्रॅनाइटचे ओटे विकले तुम्ही, आणि मी त्या काळ्या चुनखडीवर लिंबू चिरू नको, चिंच सांडू नको, ताकाचं भांडं ठेवू नको करत म्हातारी झाले. आंबट लागलं की पांढरा डाग, तो जन्मात जात नाही. किती डाग आहेत माहितेय? तुम्हाला माहीत असणारच, तेवढंच बघायचात तुम्ही स्वयंपाकघरात आलात की. ग्रॅनाइट मागितलं की 'बघू'. एका दिवाळीला नवीन कामवालीनं चकचकीत करायच्या नादात बाहेरच्या खोलीची लादी ॲसिडनं धुतली, सगळी जमीन आंधळी पांढरी झाली, तेव्हा तुम्ही उकिडवे बसून त्या जमिनीवर हात फिरवत होतात. कितीतरी वेळ. मला टायफॉइड झाला होता तेव्हा एवढा वेळ माझ्याजवळ बसला नव्हतात.

एक मात्र कबूल. मे महिन्यात सुरतेची ती चिकचिक सुरू झाली की तुम्ही न बोलता माझी चटई गच्चीच्या दाराजवळ टाकायचात, जिथे लादी सगळ्यात गार असते तिथे. स्वतः पलीकडे गरम बाजूला. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. यंदाही उन्हाळा येईल. चटई मीच टाकीन, मला काय हात नाहीत? पण डोळे भरून येतात त्याला काय करू.

आता मनूचं बोलते. तुमच्या पोरीचं. तिच्यासाठीच हे सगळं उकरून काढलंय.

लहानपणी ती गिऱ्हाइकांच्या पोरांत मिसळून तुमची गोष्ट ऐकायची. घरी कधी सांगितली नाहीत ना, मग काय करणार बिचारी, परक्याच्या पोरांबरोबर टाळ्या वाजवायची. बी.कॉम. झाली आणि सरळ वखारीत येऊन बसली. लग्न केलं नाही, तो तिचा प्रश्न, त्यावरही तुम्ही 'हं' म्हणालात. वखार तिनं अंगावर घेतली. लादी आडवी रचायची नाही, उभी टेकवायची, हे न ऐकणाऱ्या हमालांना ती असं काही सुनवायची की ड्रायव्हर ट्रकमधून उतरून बघायचे. प्रत्येक लादीवर बोटाची पेरं वाजवून बघते. खणखणीत वाजली तर घेते, बद्द वाजली तर आत चीर आहे, परत. चीर असलेली तुमच्याकडून कधी सुटायची, तिच्याकडून नाही. आणि तुम्ही लोकांना काय सांगायचात? "बेटी छे, मदद करे छे." मदत! अहो, शेवटची काही वर्षं मदत तुम्ही करत होतात. खुर्चीत बसून गोष्ट सांगायची मदत.

तिकडे भाऊजी दर दिवाळीला फराळाच्या ताटावर 'आपली वखार, आपली वखार' करत होते. त्यांच्या पोराचं, नितीनचं, फोनच्या कव्हरांचं दुकान चालेना, हे साऱ्या उधन्याला ठाऊक होतं. मी तुम्हाला म्हणत होते, भावाला एकदा चार माणसांत सांगा, वखार मनूची. एवढंच वाक्य. त्याला ना भट्टी लागते, ना करवत. तुम्ही म्हणायचात, "बघू. घाई काय आहे?" मी चिडले की म्हणायचात, "दगड व्हायला किती काळ लागतो ठाऊक आहे?" मला ठाऊक आहे हो, डब्याबरोबर रोज ऐकत होते. पण आपण काय दगड होतो?

त्या दिवशीही हेच. तुम्ही नेमके घरी जेवायला आला होतात. मी ताक वाढलं आणि पुन्हा विषय काढला. तुम्ही ताक प्यायलात, भांडं ओट्यावर न ठेवता मोरीत ठेवलंत, आणि दारातून म्हणालात, "आलो की बोलू." इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'बघू' नाही म्हणालात. मी येड्यासारखी संध्याकाळपर्यंत खूश होते. आणि तुम्ही वखारीत जाऊन खुर्चीत बसलात ते बसलात. मनू ट्रक उतरवून घेत होती. तिला वाटलं, डुलकी लागलीय.

आलो की बोलू! हा काय बोलायचा प्रकार झाला? आयुष्यात एकदा शब्द दिलात, तोही असा.

स्मशानात मीही आले होते. या वयात मला कोण अडवतंय. तापीच्या काठावर तुमच्या भावानं काय तमाशा केला तो सांगते, कारण तुम्ही पडून होतात. मुलगा नाही म्हणून नितीनला पुढे केला. अग्नी त्यानं द्यायचा ठरला. मनू बाजूला उभी, हात बांधून. मग मडकं भरलं. मडक्याला भोक पाडायला दगड लागतो, अश्मा म्हणतात त्याला, आणि तोच पुढे दहा दिवस तुम्ही म्हणून जपायचा असतो. गुरुजी खाली वाकून खडा शोधायला लागले तोच नितीननं खिशातून रुमालात गुंडाळलेला कोट्याचा तुकडा काढला. पॉलिश केलेला, पातळ, आरशासारखा. "काकांना त्यांचाच दगड हवा," म्हणाला. सगळे दगडवाले हळहळले. वा, काय पोरगा आहे! एकानं तर फोटो काढला.

मनू म्हणाली, "तो नको. पापुद्र्याचा आहे, सुटेल."

भाऊजी म्हणाले, "आते तू गप ऱ्हाय, पोरी."

नितीननं खांद्यावर मडकं घेऊन पहिली फेरी घातली, भाऊजींनी मागून ठोकलं, भोक पडलं. दुसऱ्या फेरीला ठोकलं आणि दगडाचे दोन पापुद्रे झाले, अळूवडीचे सुटतात तसे. अर्धा हातात राहिला, अर्धा गेला राखेच्या चिखलात. एवढे दगडवाले उभे होते, हो! जन्मभर कोटा विकणारी माणसं. थरावर थर, थरावर थर, तुम्ही घसा कोरडा करून सांगत होतात, आणि एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. सगळे चिखलात वाकून तुमचा अर्धा भाग शोधत होते. पुन्हा सांगते, मला हसू यायला लागलं. तुमचं मढं समोर जळत होतं आणि मी पदरात हसत होते. तुम्हीही हसला असतात, बाहेरचे लोक होते ना.

भाऊजी घाबरले, अपशकुन अपशकुन करायला लागले. गुरुजी म्हणाले, दुसरा घ्या, चालतो, पण पक्का घ्या. मनू बाहेर गेली. आपल्या टेम्पोच्या मागच्या चाकाखाली, गाडी घसरू नये म्हणून, लावतो ना आपण, अर्ध्या विटेएवढा ओबडधोबड कोट्याचा दगड, तो काढून आणला. नळाखाली धुतला. पेरं वाजवून बघितली. तिथेही! मग भाऊजींपुढे धरला. भाऊजी अपशकुन म्हणत मागेच सरकले. गुरुजी मनूला म्हणाले, "तूच मार बेटा." तिनं मारलं. राहिलेल्या दोन फेऱ्यांना एकेक नेमका ठोका. पाणी सरळ धारेनं पडलं. दहा दिवस तुम्ही म्हणजे टेम्पोच्या चाकाखालचा दगड होतात, आणि दहाव्याला तापीत गेलात. फुटला मात्र नाहीत.

तेराव्याला जेवणं झाली आणि भाऊजींनी गादीवर बैठक मारली. सगळे नातेवाईक, दोन-चार दगडवाले. म्हणाले, अग्नी नितीननं दिला, मडकं नितीनच्या खांद्यावर होतं, म्हणजे कर्ता नितीन, आणि कर्त्यानं वखारीवर बसायचं ही रीत आहे. "पोरगी कसाले बसी वखारमा?" असंही म्हणाले. नितीन बिचारा सतरंजीचे धागे ओढत बसला. त्याला दगडाच्या धुळीनं शिंका येतात, मागे एकदा अर्धा दिवस बसला होता तर डोळे सुजून घरी गेला. पण बापापुढे बोलेल कसा? तुमच्याच घरातलं पोर.

मनू दारात उभी होती, हातात वाढायचा चमचा. ती भांडेल असं वाटलं मला, ड्रायव्हरांशी भांडते तशी. नाही भांडली. ती माझ्याकडेही बघत नव्हती. तुमच्या फोटोकडे बघत होती. आता तरी बोला, अशी.

आणि भाऊजींनी मला विचारलं, "वहिनी, दादानी काही सांगेल शे का?"

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. खरं उत्तर होतं, नाही. समुद्राच्या तळाचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, भट्टीचं, साखरेचं, तंबाखूचं सांगितलं, स्वतःच्या पोरीचं काही सांगितलं नाही. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून बाजारात नाव होतं तुमचं. माझं काही नाव नाही.

मी म्हणाले, "सांगितलं होतं. वखार मनूची, असं मला स्पष्ट म्हणाले. तुम्हालाच सांगायला येणार होते, भाऊजी. राहून गेलं."

खोटं बोलताना माझा आवाजसुद्धा हलला नाही. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले, मग फोटोकडे, मग म्हणाले, दादाचा शब्द असेल तर आपण कोण. तुमच्या शब्दाला केवढी किंमत होती बघा! एवढी किंमत असलेला शब्द तुम्ही तोंडात दाबून बसला होतात. नितीननं एवढा मोठा श्वास सोडला की मला त्याची दयाच आली.

दुपारी माणसं पांगली. मी आणि मनू स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, पप्पा खरंच म्हणाले?"

मी पातेलं घासता घासता म्हणाले, "मग काय खोटं सांगेन?"

"कधी?"

"त्याच दिवशी. जेवताना."

"काय म्हणाले? जसंच्या तसं सांग."

आता आली का पंचाईत! मी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग सांगायला लागले. म्हणाले, मनू ट्रकवाल्यांवर ओरडते ना, तो आवाज कानावर पडला की मला निर्धास्त वाटतं. म्हणाले, ती लादी वाजवून बघते तेव्हा मी मुद्दाम उठत नाही, बघत बसतो. म्हणाले, मदत करते असं मी लोकांना सांगतो ते चुकतंच माझं. हे शेवटचं जरा जास्त झालं, तुमच्या तोंडी शोभत नाही, पण बोलून गेले. पोर ढसाढसा रडायला लागली. तुम्ही गेलात त्या दिवशीही एवढी रडली नव्हती. एवढंसंच लागत होतं हो तिला! तुमचं काय जात होतं? मी तुम्हाला त्या क्षणी इतक्या शिव्या घातल्या, आणि तुम्ही समोर असतात तर गळ्यात पडून रडले असते, दोन्ही खरं.

रडता रडता तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "अजून काय म्हणाले?"

तेव्हापासून रोज विचारते. वखारीतून येते, हातपाय धुते, ताटावर बसते आणि विचारते, त्या दिवशी अजून काय म्हणाले होते गं? मी सकाळपासून पोळ्या लाटताना जुळवून ठेवते. काल सांगितलं, तिच्या लहानपणी ती परक्या पोरांत उभी राहून टाळ्या वाजवायची ते तुम्हाला दिसायचं, आणि ती असली की तुम्ही गोष्ट जरा लांबवायचात. हे खरं होतं का हो? मला खरंच माहीत नाही. तिनं घास हातात तसाच धरून ऐकलं. तुम्ही आता घरात रोज बोलता, आणि बोलावं मला लागतंय. आज काय सांगू, ते अजून सुचलेलं नाही, आणि तिची यायची वेळ झालीय.